थर्माकोलखालचं ताट

मास्तर लोकांचे किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात आणि कोणी विषय काढला की उडतात. समुद्रपूरला आमच्या शाळेत आम्हा चौघांचं जमायचं: हेडमास्तर, विज्ञानाचे बोंडे सर, गणिताचे केशवराव आणि मी, मराठी शिकवणारा थूल. दर महिन्याला एकाच्या घरी जेवण. आता थर्माकोलबंदीचा विषय निघालाच आहे, तर ऐका.

*

थर्माकोलच्या प्लेटा तेव्हा नवीन आल्या होत्या. केशवरावांच्या मोठ्या भावाचं किराणा दुकान, तिथं त्यांची चळत लागलेली असायची. माझ्या घरी जेवण असलं की केशवराव काखेत बंडल मारून हजर.

"वैनीले भांडे घासाचा तरास काऊन द्या?"

हेडमास्तरांच्या घरी मात्र हेच केशवराव स्टीलच्या ताटात जेवायचे. तिथल्या वहिनींच्या हातांची काळजी त्यांना कधी वाटली नाही. आम्ही बौद्ध. शंका यायला मला फार लांब जावं लागत नव्हतं. कधी वाटायचं, दुकानाचा माल खपवत असेल बिचारा. पण खपवायचा तर फक्त माझ्याच घरी? माणूस तोंडावर इतका गोड की भांडणार तरी कशावरून! मला ते लागायचं, एवढं खरं.

*

एकदा उन्हाळ्यात अंगणात पंगत मांडली. वारा सुटला आणि हेडमास्तरांची प्लेट पोळीसकट उडून शेजारच्या गोठ्यात गेली. माझी बायको सुजाता आत गेली. तिनं आतून आमची स्टीलची ताटं आणली आणि प्रत्येकाची प्लेट एकेका ताटात बसवली. काठ आडवा आला, प्लेटा जागेवर राहिल्या.

जेवण झाल्यावर बोंडे म्हणाले, "म्हंजे भांडे तं घासाच लागनार."

केशवराव हात पुसत म्हणाले, "आता हवेले कोन काय करन?"

*

बोंडे सरांचा थर्माकोलवर दात होता. जाळलं तर घाण धूर, फेकलं तर सडत नाही, गायी खातात, नाल्या तुंबतात, आणि गरम पदार्थाबरोबर काहीबाही आपल्या पोटात जातं, असं ते वर्गावर्गात सांगत फिरायचे. एक दिवस स्टाफरूममध्ये त्यांनी थर्माकोलच्या वाटीत कढत तर्री ओतली. तेल तरंगत होतं. वाटीला भोक पडलं आणि टेबलावर लाल ओघळ आला.

केशवरावांनी वाटी उजेडात धरून तपासली. "पह्यले हे सांगा, टाचनी कोनं मारली?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः भावाच्या दुकानातली कोरी वाटी घेऊन आले. तिचंही तेच झालं.

"माल नकली आला वाटते," केशवराव म्हणाले.

*

पुढे एका पावसाळ्यात नालीत अडकलेल्या प्लेटांमुळे बाजारात पाणी चढलं आणि ग्रामसभेत ठराव झाला. लग्न असो, तेरवी असो, थर्माकोल बंद. पळसाच्या पत्रावळी वापरा, नाहीतर घरची ताटं.

केशवरावांनी मला बाजूला घेतलं. "बोंड्याच्या सासऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर पळसं हायेत. समजलं का काई?"

हेडमास्तरांनी ते ऐकलं. "ज्याच्या धुऱ्यावर पळस नाई असा मानूस दाखवा तालुक्यात."

केशवरावांनी मग शपथच घेतली, पत्रावळीला हात लावणार नाही. लावला असता तर बोंडे जिंकले असते. मला मात्र एकच घोर लागला होता. पुढचं जेवण माझ्या घरी होतं. हा माणूस आता कशात जेवणार?

*

केशवराव आले. पिशवीतून स्वतःचं ताट काढलं. काठावर त्यांचं नाव कोरलेलं.

"ठरावात घरचं ताट म्हनलं हाय ना."

भोळे बोंडे सर खूश झाले. "सगळ्यांनी असंच केलं पाह्यजे." मी माझ्या ताटाच्या काठावरचं माझं नाव पाहत राहिलो.

जेवण झाल्यावर केशवराव ताट घेऊन मोरीकडे निघाले. सुजातानं ते हातातून काढून घेतलं. "पाहुन्याले भांडं घासू देत असते का कोनी?" तिनं घासलं, पुसलं आणि मांडणीत आमच्या ताटांमध्ये लावून टाकलं. "राहू द्या इथंच, भाऊजी. दरवेळी कुठं वागवता?"

केशवराव मांडणीकडे पाहत राहिले. मग रिकामी पिशवी घडी करून निघून गेले.

*

पुन्हा माझी पाळी आली. सुजातानं चार ताटं मांडली. केशवराव बसले, समोरचं ताट उचललं आणि फिरवत फिरवत काठावरचं नाव वाचलं.

"थूल सर, हे तं तुमचं हाय."

"हो," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

"मंग माहं कोनाजवळ गेलं?"

बोंडे आपल्या ताटाचा काठ पाहू लागले. हेडमास्तरांनीही पाहिला. कोणाकडेच नव्हतं.

सुजाता भाजीचं पातेलं घेऊन उभी होती. "तुमच्या ताटात मी जेवते, भाऊजी. रोज."

केशवरावांनी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी सरळ केलं.

"मंग वाढा ना, वैनी. काऊन थांबल्या?"