गौस मिस्त्री आणि अमावस्येचा पिवळा दिवा

गौस मिस्त्री दर अमावस्येला दुधनीकडच्या एका वस्तीवर जातो, ट्रकखाली उताणा पडतो आणि काहीबाही पुटपुटत गाडीतलं भूत वाटीत उतरवून घेतो, असं आमच्या गल्लीत दोन महिने बोललं जात होतं. आता खरं काय ते सांगते. गौसभाई अमावस्येला तिकडे गेले ते एकदाच. ट्रकखाली पडले होते हे खरं. पुटपुटत होते हेही खरं, पण ते थेंब मोजत होते. वाटीही होती, ती माजिदाभाभीच्या शीरखुर्म्याची. आणि ही भुताची बातमी निघाली कुठून म्हणाल, तर आमच्याच कट्ट्यावरून. कुणाच्या तोंडून, ते पुढे येईलच.

गौसभाई आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. वय बावन्न, अंगाने काटकुळे, खिशात कायम दोन रुमाल. एक मळका, तो तोंड पुसायला. एक पांढराशुभ्र, तो गाडीच्या सायलेन्सरचं तोंड पुसायला. नव्या ट्रकच्या सायलेन्सरच्या तोंडाला काजळी लागायला नको असते. रुमाल काळा झाला की धूर गाळणारी आतली जाळी फुटली असं समजायचं. माजिदाभाभी म्हणते, "मेरे नसीब में मळका रुमालवाला आया, पांढरावाला गाडीकू मिला."

वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. हे सोळाव्या वर्षी सोलापूरला आले आणि डिझेल पंपाचं काम शिकले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि कुठला सिलिंडर रुसलाय ते सांगायचं, अशी यांची ख्याती. मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्यात कानाने ऐकण्यासारखं काही उरलं नाही. पंचेचाळिशीत गौसभाईंनी स्कॅनर घेतला. त्यावर सगळं इंग्रजी. आता कॉलेजात असलेली लेक इफ्रा तेव्हा रोज संध्याकाळी एकेक ओळ वाचून दाखवायची आणि हे शंभर पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, 'मशीन सांगते काय दुखतंय. का दुखतंय ते आपण बघायचं.'

तर या वहीतलं सगळं ज्ञान जोतीरामच्या ट्रकने पाण्यात घातलं.

जोतीराम दुधनीजवळच्या वस्तीवरचा. एकच ट्रक, तोच चालवणार. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून दर सोमवारी टॉवेलचे गठ्ठे भरायचे आणि न्हावाशेवा बंदराला पोचवायचे, हे त्याचं बांधलेलं काम. जानेवारीत खंडाळ्याच्या घाटात गाडीचा पिवळा दिवा लागला आणि गाडी रांगायला लागली. नव्या ट्रकची रीतच तशी. धुरातला विषारी वायू मोजायला नळीत बोटाएवढा सेन्सर खुपसलेला असतो. तो बंद पडला की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनचा जोर काढून घेतो. बाकी सगळं ठीक असलं तरी गाडी बैलगाडीसारखी चालते. त्या दिवशी बंदरावर माल वेळेत पोचला नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सेन्सर बदलून दिला. फेब्रुवारीत नवाही मेला. माल पुन्हा उशिरा. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने जोतीरामला समोर बसवून सांगितलं, की अजून एकदा असं झालं तर सोमवारचा माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल. जोतीराम तिथून उठला तो थेट गौसभाईंच्या गॅरेजात.

"मिस्त्री, तुमी सांगाल ते करतो. पण ह्यो दिवा परत लागला तर मी संपलो."

"लागणार न्हाय," गौसभाई म्हणाले. हे बोलताना त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्यांनी तिसरा सेन्सर बसवला आणि वायर बोटाबोटाने तपासली, कुठे उंदराने कुरतडली नव्हती. बॅटरी बरोबर. सायलेन्सरला कुठे भोक नव्हतं. पांढरा रुमाल पांढराच निघाला. मग त्यांना युरियाच्या टाकीचा संशय आला. या गाड्यांना डिझेलसोबत युरियाचं पाणी लागतं, धूर साफ करायला. काही हुशार मंडळी त्यात शेतातला युरिया कालवतात.

"खरं सांग जोतीराम, घरचं पोतं तर न्हाय ओतलं?"

"न्हाय हो मिस्त्री. पंपावरनं सीलबंद डबा घेतो. शेतातल्याला कडुनिंबाचा वास येतो, एवढं कळतं मला."

गौसभाईंनी टाकीत नाक घालून खात्री केली. वास नव्हता. सेन्सर नवा, वायर चांगली, युरिया शुद्ध. वहीत त्यांनी पुढे प्रश्नचिन्ह काढलं. इफ्राने विचारलं, "अब्बा, यह कौन सा कोड है?" तर म्हणाले, "मेरा."

मार्चमध्ये ईदच्या दुसऱ्या दिवशी तिसरा सेन्सर गेला. नशीब एवढंच, की गाडी रिकामी येत होती, त्यामुळे मॅनेजरला कळलं नाही. गौसभाईंनी तो काढला, चौथा बसवला आणि घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून बसले. आतल्या चिनी मातीच्या तुकड्याला केसाएवढा तडा. हा तुकडा चालू गाडीत लालभडक तापतो. तापलेल्यावर पाणी पडलं की चिमणीच्या काचेला जातो तसा तडा जातो. म्हणजे नळीत पाणी. पण मार्चात पाऊस कसला?

दारात बसून ते माजिदाभाभीला सांगत होते आणि मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मुद्दाम नाही, भिंतच बुटकी आहे.

"सोलापुरात माणसाच्या नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. ह्या ट्रकच्या नळीला कोण रोज सोडतंय?"

"तुमीच सोडत असाल, रोज खाली पडून घाम गाळता की," भाभी म्हणाली.

त्याच दिवशी मी शीरखुर्म्याची वाटी परत द्यायला गेले. रिकामी कशी द्यायची म्हणून शेंगाचटणी भरली होती. गौसभाई नमाजाला गेलेले, वही ओट्यावर उघडी. मी वाचली. सेन्सर गेल्याच्या तारखा एकाखाली एक लिहिलेल्या, वीस, एकोणीस, एकवीस, आणि बाजूला तीन प्रश्नचिन्हं. मला उगाचच चाळा सुचला. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा लावून पाहिल्या. तिन्ही वेळा अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांत.

आता तुम्हीच सांगा, असं काही सापडल्यावर बाईमाणसाने गप्प कसं बसायचं? संध्याकाळी कट्ट्यावर मी एवढंच म्हटलं, की त्या ट्रकमध्ये काहीतरी आहे आणि ते अमावस्येला जागं होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत ते सात रस्ता चौकापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी दुधनीला पोचलं. तिसऱ्या दिवशी जोतीराम हजर.

"मिस्त्री, आई म्हणती गाडीला बाधा हाय. ही अमावस्या झाली की इकून टाकू म्हणती. सोमवारचा माल सोडू म्हणती. मी काय करू?"

गौसभाईंनी त्याला चहा पाजला, अमावस्येपर्यंत थांब म्हणून सांगितलं आणि तो गेल्यावर आमच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. मी पदर सावरून तयार होते.

"वैनी, भूत तुमी सोडलं?"

"मी कशाला सोडू? तारखा तुमच्याच वहीत होत्या."

"व्हय. तीच तर गंमत. ईदचा चांद दिसतो तो अमावस्या सरल्यावर. आणि तिसरा सेन्सर ईदच्या दुसऱ्या दिवशी गेला. म्हणजे तारखा बरोबर हाय तुमच्या." ते खाली बसले. "आता एक सांगा. अमावस्येला तुमी लोक गाडीला काय काय करता?"

मी सांगितलं. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, हळदकुंकू, हार. त्याआधी गाडी धुवायची.

"धुवायची म्हणजे किती?"

"ज्याच्या घरी जेवढं पाणी तेवढी."

ते उठून कॅलेंडरजवळ गेले आणि तिन्ही अमावस्यांवर बोट ठेवून पाहिलं. "पण वरनं धुतलं तर आत कसं जाईल?" स्वतःलाच विचारत घरी गेले. मला काही कळलं नाही. त्यांनाही कळलं नव्हतं, हे त्यांच्या चालीवरून दिसत होतं. चपला त्यांनी आमच्या ह्यांच्या घालून नेल्या.

पुढच्या अमावस्येला सकाळी गौसभाई स्कॅनर, पाने आणि ती शीरखुर्म्याची वाटी घेऊन वस्तीवर गेले. तिथे जे झालं ते जोतीरामने मला दोनदा सांगितलं आहे, दोन्ही वेळा सारखंच, म्हणजे खरं असणार.

जोतीरामची आई बजाबाई, सत्तरीची, बोअरची मोटर चालू करून गाडी धुऊन घेत होती. जोतीराम केबिनचा टप धूत होता. गौसभाई झाडाखाली बाजेवर बसून पाणी कुठं जातंय ते बघत होते. बोनेटवरून खाली गेलं. चाकांवरून खाली गेलं. आत कुठेच जात नव्हतं. तासभर बघून त्यांना वाटलं, आपण उगाच आलो. ते उठायला लागले तेवढ्यात बजाबाईने लेकाच्या हातातून पाईप घेतला, मागे गेली, सायलेन्सरच्या तोंडात हातभर खुपसला आणि उभी राहिली. आत पाणी गुळगुळायला लागलं.

"मावशी, हे काय करताय?"

"तोंड धुतीया की."

"कुणाचं?"

"गाडीचं. तोंड धुतल्याबिगर आपण च्या पीत न्हाय, मग गाडीला तसंच कुकू लावू व्हय? जुन्या गाडीच्या तोंडाला वीतभर काजळी असायची. मीच धुवायची, दर आवसेला. चार चुळा भरल्या की पाणी पांढरं यायचं."

जुनी गाडी वीस वर्षं चालली. तिच्यात ना सेन्सर होता ना कॉम्प्युटर, तिला चूळ सोसली. ही नवी गेल्या डिसेंबरात आली, तिचं तोंड तर आधीच साफ. पण मोडायची कशी सवय? आणि जोतीरामला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. लहानपणापासून तो गाडीला चूळ भरतानाच बघत आला होता. मिस्त्रींनी सगळं विचारलं, फक्त गाडीने तोंड धुतलं का, हे विचारायचं राहिलं.

गौसभाईंनी मोटर बंद करायला लावली. ट्रकखाली उताणे पडले, सेन्सर काढला आणि भोकाखाली वाटी धरली. आतून पाणी टपकायला लागलं. गाडी घाटात कलली की हेच तापलेल्या सेन्सरवर उडत असणार. ते मोजायला लागले, एक, दोन, तीन. वाटी भरली, ओतली, पुन्हा भरली. हेच पुटपुटणं रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी पाहिलं आणि सोलापूरला पोचवलं.

बजाबाई वाकून बघत होती. "म्हंजे बाधा मीच केली म्हण की," ती म्हणाली आणि तिथेच मातीत बसली.

गौसभाई खालूनच म्हणाले, "मावशी, आमी रोज्यात दिवसातनं पाच वेळा चूळ भरतो. पर पाणी घशाखाली जाऊ देत न्हाय. तुमी गाडीला गिळायला लावताय, एवढंच चुकलं."

बजाबाईने विचार केला. "मग तोंड बिनधुतंच ठेवायचं?"

"ओल्या फडक्यानं पुसा. बाहेरनं. आजाऱ्याचं पुसतो तसं."

"आजारी न्हाय माझी गाडी."

"मग नवरीचं पुसतो तसं पुसा."

हे तिला पटलं. फडकं ओलं केलं, पिळलं, गौसभाईंच्या नजरेसमोर सायलेन्सरचं तोंड पुसलं आणि हळदकुंकू लावलं. गौसभाईंनी हवेच्या नळीने आतलं उरलेलं पाणी उडवलं, नळी दिवसभर उन्हात उघडी ठेवली, संध्याकाळी सेन्सर बसवला. स्कॅनरवर सेन्सरचा आकडा आला, म्हणजे तो शाबूत होता. तरीही त्यांना खात्री नव्हती. घरी आल्यावर माजिदाभाभीला म्हणाले, "सापडलं वाटतंय. पर एवढं सोपं कसं असंल?"

सोमवारी संध्याकाळी जोतीराम माल भरून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गौसभाई गॅरेजात बसून फोनकडे बघत होते. एका गाडीचं ऑइल बदलायला घेतलं आणि जुनंच परत ओतायला निघाले होते, असं शेजारच्या टायरवाल्याने मला सांगितलं. दुपारी फोन आला. घाट पार केला, दिवा नाही, गाडी बंदराच्या फाटकात उभी. गौसभाईंनी विचारलं, "नक्की न्हाय लागला? बल्ब तर गेला न्हाय?" जोतीरामने चावी फिरवून बल्ब लागतो हे दाखवायला व्हिडिओ पाठवला, तेव्हा कुठे ते उठले आणि जेवले. पुढची अमावस्या झाली, तिच्या पुढचीही झाली. सोमवारचा माल अजून जोतीरामच्याच गाडीत जातो.

परवा बजाबाईने गौसभाईंकडे टोपलीभर वांगी पाठवली. त्यातली निम्मी माजिदाभाभी मला द्यायला आली, मागे गौसभाई. मी म्हटलं, "बघा, मान नुसता मिस्त्रीचा. अमावस्या शोधली कुणी? मी नसते तर तुम्ही अजून वहीत प्रश्नचिन्हं काढत बसला असता."

गौसभाईंनी मळक्या रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "खरं हाय, वैनी. तुमी सेन्सरच हाय. दिवा बरोबर लावता, कारण मात्र दरवेळी चुकीचं सांगता."