आत्याबाईंच्या शिव्या

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचं घर आणि बाग इंदापूर तालुक्यात, आणि आम्ही दोघं नोकरीपायी बारामतीत. लग्न होऊन मी त्या घरात गेले त्याच आठवड्यात त्यांनी मला भवानी म्हटलं, सटवी म्हटलं, आणि चहात साखर कमी पडली म्हणून "तुजा मुडदा बशिवला" हेही म्हणून झालं. मी मास्तरांची मुलगी. न्हाणीघरात जाऊन रडले. पुढं कळलं की ही बाई ज्याच्याशी गोड बोलते त्याचं काही खरं नाही. भावकीत बिनसलं तेव्हा त्या चुलत जावेला म्हणायच्या, "या, बसा, च्या घ्या." ती चहा घेऊन जायची आणि वर्षभर फिरकायची नाही. शिव्या फक्त घरातल्यांना.

माझा धाकटा दीर ड्रॅगन फ्रूटची लागवड बघायला व्हिएतनामला गेला. दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटच्या फेरीला बायको घेऊन आला. बारीक, हसरी पोरगी. तिला ना मराठी, ना हिंदी; दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत संसार करायची. आत्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही काटकी कुठनं उचलून आनलीस रं? वारं सुटलं तर दावणीला बांधावी लागंल," असं म्हणून तिच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जेव म्हणतीय." ती हसली आणि जेवली.

दोन वर्षं हे असंच चाललं. आत्याबाई तोंडाचा पट्टा सोडायच्या, ती हसायची, आणि दीर सगळ्याचा एकच अर्थ सांगायचा, जेव म्हणतीय. बागेत सिमेंटच्या खांबांना वेल बांधताना दोघी शेजारी शेजारी असायच्या. एक बडबडायची, दुसरी आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायची. मला खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. इतकी वर्षं मराठी कळूनही मी आत्याबाईंच्या इतकी जवळ कधी बसले नव्हते.

मग ते अ‍ॅप आलं. बारामतीतल्याच काही जणांनी बनवलेलं. आधी ते शेतकऱ्यांसाठी होतं: पिकाचं काही विचारलं की आपल्या बोलीत उत्तर द्यायचं. पुढं एमआयडीसीतले परदेशी इंजिनिअर, कॉलेजातली बाहेरदेशची मुलं यांच्यासाठी त्यात परक्या भाषा घातल्या, जावेची व्हिएतनामीसुद्धा; एकानं बोललं की फोन ते दुसऱ्याच्या भाषेत बोलून दाखवायचा. हाय, न्हाय, व्हय, हितं, तितं, सगळं कळायचं त्याला. दीर तर मिरवायचा, "पुण्याचंबी न्हाय वैनी, आपलं हाय." आणि सुरुवातीला खरंच मजा आली. जाऊ एकटी एसटीनं बारामतीला यायला लागली. मंडईत तिनं मेथीवाल्याशी घासाघीस केली, दवाखान्यात आपलं दुखणं आपण सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं मला पहिल्यांदा तिच्या आईबद्दल सांगितलं. मला वाटलं, सुटली पोरगी.

पावसाळा सरताना ती तापानं पडली. चार घास पोटात ठरेनात. आत्याबाई घाबरल्या. आणि घाबरल्या की त्यांची जीभ जास्तच सुटते. उशाशी बसून, तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत त्या म्हणाल्या, "मरायचंय का तुला? मर मग. हितंच मर माज्यापुढं. तुजा मुडदा बशिवला, दोन घास गिळाया काय हुतंय?" त्यांचे डोळे वाहत होते. पण जावेचे डोळे मिटलेले होते, आणि उशीवरच्या फोनात अ‍ॅप चालू होतं. त्यानं एकही शब्द गाळला नाही. अगदी शांत, स्वच्छ आवाजात त्यानं ते सगळं तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं कपाळावरचं फडकं काढून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी गेले तेव्हा घरात सुतकी कळा होती. मी तिला अ‍ॅपवरूनच समजावलं. म्हटलं, आमच्याकडे जीव लावतात तो असा. आत्याबाई रागावतात म्हणजे तू घरातली. चुलत जावेचं सांगितलं. त्या या-बसा करायला लागल्या तर समज की संपलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आमच्या गावात आजारी माणसाजवळ मरणाचं नाव कोणी काढत नाही." दिराला मात्र तिनं वेगळंच विचारलं. दोन वर्षं आई जेव म्हणतात असं तू सांगत होतास, तेव्हा त्या खरं काय म्हणत होत्या? त्याला खोटं बोलता आलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास राहिला नाही. बरी झाल्यावर माहेरी जाऊन येते म्हणाली आणि गेली ती गेलीच.

दीर अ‍ॅपवाल्यांकडे भांडायला गेला, मीही बरोबर होते. तिथल्या मुलीनं शांतपणे ऐकलं. अशा तक्रारी आणखीही आल्या होत्या. कारखान्यातल्या साहेबांना मुकादमाचं बोलणं झोंबलं होतं. काही दिवसांनी तिनं कळवलं की आता अ‍ॅप शिव्या गाळून नीट भाषेत सांगतं. आम्हाला हायसं वाटलं. शिव्या गळतील आणि बाकीचं पोचेल, इतकंच डोक्यात आलं. दीर फोन लावून द्यायचा आणि आत्याबाई रोज संध्याकाळी त्यापुढं बसायला लागल्या. तिकडून ती दोन शब्द बोलायची. ते महिन्यागणिक कमी होत गेले.

गेल्या महिन्यात मी गावी होते. आत्याबाई पार वाळल्यात. वेल खांबांवरून लोंबतायत; दिराचं बागेत मन नाही, बांधायला कोणी नाही. मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला आणि त्यांनी सुरू केलं, "ए भवाने, मेलीस का तिकडं? तुजी बाग वाळाय लागली. माजं हातपाय चालंनात. मुडदा बशिवला तुजा, ये की आता!" फोन क्षणभर थांबला आणि तिच्या भाषेत काहीतरी मऊ मऊ बोलला. मला शंका आली. तो काय बोलला ते मी मराठीत लावून बघितलं. "आपण कुशल असाल अशी आशा आहे. माझी प्रकृती साधारण आहे. बाग आपली वाट पाहते. सवडीनं यावं."

मग माझ्या फोनवर तिचे शब्द उमटले. "ताई, आई पूर्वी रागवायच्या ते मायेपोटी होतं, हे मला इथं आल्यावर कळलं. मी परत यायचं ठरवत होते. पण कितीतरी महिने त्या माझ्याशी चुलत जावेसारखं बोलतात. तुम्हीच सांगितलं होतं. मला कळलं. मी आता येत नाही."

मी फोन तोंडाशी धरून ओरडले, "अगं, आत्ता मेली म्हणाल्या तुला! भवानी म्हणाल्या! मुडदा बसवला तुझा!" अ‍ॅपनं तिला सांगितलं, आई आपला आदर करतात. मी त्या फोनला जितक्या शिव्या दिल्या तितका तो सभ्य होत गेला. पलीकडून तिनं बंद केला. दुसऱ्या दिवशी मी इंग्रजीत सगळं लिहून पाठवलं. ते तिनं अजून उघडलेलं नाही, आणि उघडेल असं मला वाटत नाही. माझा धीर संपलाय.

पण त्या संध्याकाळी आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हनली गं?"

"जेवलात का, विचारतीय," मी म्हटलं.

"गिळलं म्हनावं. आन तूबी गीळ म्हनावं, सटवे, काटकी झाली आसशील." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "सांग की."

मी बंद फोन तोंडापाशी नेला आणि सांगितलं.