बाबांचा डावा गाल

बाबा गेल्यावर वर्षाच्या आत वाचनालय समितीने दारात बसवायला त्यांचा अर्धपुतळा करवून घेतला. नंदनवन वस्तीतलं ते वाचनालय बाबांनी मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर चालवलं होतं. ते होते तोवर गळकं छप्पर बघायला समितीला सवड झाली नाही. पुतळ्यासाठी झाली.

पुतळा रेझिनचा, वरून ब्राँझचा रंग. आणताना टेम्पो गतिरोधकावरून उडाला आणि डाव्या गालाचा टवका निघाला. शिल्पकार परगावी एका पुढाऱ्याच्या घोड्याचे पाय दुरुस्त करत होता. मी बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेलं करतो, म्हणजे कधीच न होणाऱ्या बागा आणि कारंजी. त्यामुळे हातात मावणारं ग्राइंडर माझ्याकडे असतं. समितीच्या अध्यक्षांनी पुतळा माझ्या टेबलावर ठेवला. "घरचंच काम आहे," म्हणाले. अनावरण रविवारी होतं.

आईची एकच अट होती. "ओळखू आले पाहिजेत गा. मले रोज तिथूनच दुधाले जा लागते."

टवक्यात पुट्टी भरली. मग ग्राइंडरच्या तोंडाला लावायच्या बिटांची डबी उघडून बसलो. अडचण अशी की पुट्टी मऊ असते आणि भोवतीचं रेझिन कडक. लवचीक बिट लावला तर तो कडक भागावरून घसरतो आणि मऊ भाग खातो. दगडी बिट चरे पाडतो. वेग वाढवला की रेझिन तापून चिकटतं आणि बिट बुजतो. हिऱ्याच्या कणीचा सुईसारखा बिट सुरकुत्यांसाठी, तो सगळ्यात शेवटी. गालासाठी मी छोट्या रबरी नळकांड्यावर चढवलेली पॉलिश पेपरची पट्टी घेतली, जाड दाण्याची. बारीक दाण्याची घ्यायला हवी होती, पण मोठे पाहुणे शनिवारीच येणार, म्हणून अनावरणही शनिवारीच, असा अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता. पुट्टीही पुरती वाळली नव्हती. बघता बघता गाल आत गेला.

आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"असेच झाले होते ते," ती म्हणाली. "दवाखान्यात. शेवटी शेवटी."

मी मशीन बंद केलं. तिचं खरं होतं. शिल्पकाराने निवृत्तीच्या दिवशीचा फोटो समोर ठेवून गृहस्थ घडवला होता. आता उजवीकडून निरोपसमारंभ दिसत होता आणि डावीकडून वॉर्ड.

"ओळखू येऊन राहिले ना?" मी विचारलं. "राहू देऊ असेच?"

"येडा झाला का गा? भर तो गाल."

"तूच तं म्हणत होती..."

"म्हणत होती. रोज हातात दुधाचं पाकीट धरून याच्यासमोरून जाऊ का मी?"

पुन्हा पुट्टी भरली. या वेळी ती दगडासारखी होऊ दिली. बारीक दाण्याची पट्टी, वेग कमी, हात हलका. गाल हळूहळू वर आला, गोल, भरलेला, फोटोतल्यापेक्षाही तब्येतीने बरा. आईने माझ्या सदऱ्यावरची पांढरी भुकटी पदराने झटकली आणि पदर अंगणात जाऊन झटकला.

राहिली ती तोंडाशेजारची घडी. बाबांना समारंभांत हसू दाबावं लागायचं, तेव्हा ती पडायची. शिल्पकाराला ती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सुईचा बिट लावून मी आईला म्हटलं, "ती घडी काढून देऊ का?"

तिने त्या जागेवरून एकदा बोट फिरवलं.

"नको," म्हणाली. "गुळगुळीतच राहू दे. मले रोज जा लागते तिथून."

मी बिट काढून ठेवला आणि रंग मारला.

समारंभ अर्थातच उशिरा सुरू झाला. पाहुण्यांनी बाबांच्या नावात एक चूक केली आणि त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. पडदा ओढला, तेव्हा कन्हानहून आलेले काका म्हणाले, "हुबेहूब!" आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा.