मास्तरांचा शुक्रवारचा फोन

मास्तर कधीच दाराकडे पाठ करून बसत नसत. दुबईत करामा भागातल्या आमच्या फ्लॅटवर आले, की आधी खुर्ची फिरवून घेत आणि मगच चहाला हात लावत. ते हंगेरीचे रोमा, म्हणजे तिकडे ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात त्यांच्यातले. दुबईच्या एका हॉटेलात व्हायोलिन वाजवत आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये स्टाफच्या खोलीत राहत. मला शिकवत, म्हणून मास्तर. शेजाऱ्यांचं ऐकून आईला ते 'भाभी' म्हणत.

खोलीत फोन नव्हता, म्हणून दर शुक्रवारी ते आमच्याकडे बायकोच्या फोनची वाट बघत. ते इथे असताना गावात रोमांचा द्वेष करणाऱ्या, टक्कल केलेल्या पोरांनी त्यांचं घर पेटवलं होतं. पोलीस गाडीत बसून बघत राहिले. बायको मारिया मुलीला घेऊन कॅनडात गेली, तिथे आश्रय मागितला, तो नाकारला गेला. अधिकाऱ्याचं म्हणणं, तुमच्या देशात पोलीस आहेत, त्यांच्याकडे जा. त्या निर्णयाविरुद्ध ती कोर्टात गेली होती. तिथेही हरली तर दोघींना परत पाठवणार होते.

त्या दिवसांत मी धडा भराभर वाजवून मोकळी व्हायला बघायचे. मास्तर म्हणत, "सूर कुठे पळत नाही. पळतो आपण."

एकदा गावाहून मास्तरांच्या भावानं जळक्या घराचे फोटो पाठवले. आई म्हणाली, "मास्तर, हे लगेच कोर्टात द्या ना."

"चालत नाही, भाभी," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "घर जळलं का, हे कोर्ट बघत नाही. नाही म्हणणाऱ्यानं नीट ऐकून घेतलं होतं का, तेवढंच बघतं." त्यांनी फोटो पालथे ठेवले आणि मला पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लावलं.

निकालाचा फोन मात्र शुक्रवारी आला नाही. एका मंगळवारी दुपारी आला. आईनं धावत जाऊन मास्तरांना बोलावून आणलं. फोन ठेवून ते म्हणाले, "पोलीस बघत राहिले, ही मारियाची साक्ष अधिकाऱ्यानं विचारातच घेतली नाही, असं जज म्हणाले."

"म्हणजे जिंकलात!"

"नाही, भाभी. आता दुसरा अधिकारी सगळं पुन्हा विचारणार."

त्याच उन्हाळ्यात, २००२ साली, हॉटेलचं काँट्रॅक्ट संपलं. व्हिसा कॅन्सल, खलास. कॅनडानं त्यांना व्हिसा दिला नाही. जायला एकच देश उरला. एअरपोर्टवर मी म्हटलं, "डोन्ट गो देअर, मास्तर."

"माझा भाऊ तिथे रोज राहतोच ना," ते म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात मारियाचा फोन आला. ती रडत होती. दोघींना आश्रय मिळाला होता. हंगेरीचा फोन लागत नव्हता, म्हणून तिनं आम्हाला केला होता. आई नंबर फिरवतच राहिली. शेवटी लागला, मास्तर फोनवर आले.

"भाभी, हळू बोला. पुन्हा सांगा."

आईनं तीनदा सांगितलं. मास्तरांनी चौथ्यांदा सुरुवातीपासून सांगायला लावलं, आणि आईनंही फोन ठेवला नाही. परदेशी फोनला मिनिटभर झालं, की खलासची खूण करणारे बाबा शेजारी हाताची घडी घालून उभे होते.