चौकाबाहेरची बाई

बोटांवरचा पांढरा रंग अजून गेलेला नाही, तोवरच तुम्हाला लिहितेय.

नवरा गेल्यापासून घर खायला उठतं. म्हणून आज डहाणूतल्या विधवांच्या गटात गेले. गट चालवणाऱ्या ताईंनी मन मोकळं करा म्हटलं, पण कोणीच बोलेना. मग त्यांनी मोठा कागद पसरला. "सगळ्या मिळून चित्र काढा."

मला आईच आठवली. साठच्या दशकात तलासरीकडच्या आमच्या वारली पाड्यावर लग्नघराच्या भिंतीवर चौकाचं चित्र सवाष्णीच मिळून काढायच्या. माझी विधवा आई त्यांना रंगासाठी तांदूळ वाटून द्यायची आणि अंगणात एकटी बसायची. आज मीही रंग कालवून दिला आणि मागे सरकले.

शेजारची धाकटी डहाणू गावची कोळीण म्हणाली, "अगो, इथं सवाशीण कोन हाय? काढ की!"

मी चौक काढला आणि त्याच्याबाहेर बसलेली आई. कोळणीने काही न विचारता तिच्या शेजारी एक बाई काढली. मग दुसरीने एक, तिसरीने एक. काढता काढता सगळ्या बोलायला लागल्या.

आईच्या शेजारी आज बायका येऊन बसल्या, हे सांगायला घरात कोणी नाही. वाचताय ना कोणी?