सासूबाईंचा गडू

देवाने राखलं, असं कुणी म्हणालं की अजूनही माझ्या कपाळाला आठी पडते. राखलं कुणाला आणि नेलं कुणाला, हे कुणी विचारत नाही.

जूनमध्ये कुवेतमधल्या सलवातल्या आमच्या फ्लॅटवर सत्यनारायण केला. नाशिकहून आलेल्या सासूबाईंनी हट्टच धरला, निर्माल्य कचऱ्यात जाता कामा नये. घराजवळच्या किनाऱ्यावर लोकांदेखत टाकायची सोय नाही, म्हणून नवऱ्याने गाडी खाडीपलीकडे, उत्तरेच्या ओसाड किनाऱ्याकडे काढली. आमची लहानगी सईही बरोबर होती. फुलांची पिशवी आठवणीने घेतली आणि पाण्याच्या बाटल्या ओट्यावरच राहिल्या. असले शहाणे आम्हीच.

पाण्याजवळच्या खारट चिखलात चाकं रुतली. तेवढ्यात आभाळ तांबडं झालं आणि धुळीच्या वादळाने आम्हाला गाठलं. फोनला रेंज नाही. इंजिन तापून एसीही बंद पडला. काचा उघडाव्या तर धूळ, लावाव्या तर आत भट्टी. सईचं अंग चटका बसेल असं तापलं, हाक मारली तर ओ देईना. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

सासूबाईंच्या पर्समध्ये गंगाजलाचा तांब्याचा बंद गडू कायम असायचा. परदेशात आपलं काही झालं तर शेवटी तोंडात घालायला म्हणून. कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांनी गाडीतला पाना घेऊन त्याचं तोंड फोडलं.

"आई, ते तुझं..." नवरा म्हणाला.

"गप रे. मी काय आत्ता मरतेय?"

थोडं सईच्या ओठांना लावलं, उरलेल्यात पदर भिजवून तिच्या डोक्यावर, मानेवर ठेवला. स्वतःची जीभसुद्धा ओली केली नाही. सईने डोळे उघडले. "आजी, इट्स सो हॉट," एवढंच पुटपुटली.

मग धुळीत दिवे दिसले. एक कुवेती गृहस्थ रस्ता चुकून तिकडे आला होता. त्याने आम्हाला जीपमध्ये घेतलं, हातात पाण्याच्या बाटल्या कोंबल्या आणि थेट दवाखान्यात पोचवलं. नाव विचारायचंही सुचलं नाही. तो नेमका तिथेच कसा चुकला, याचा मी खल करत नाही.

सई बरी झाली. सासूबाईंना ऊन बाधलं होतं, त्या दवाखान्यातल्या खाटेवरून उठल्याच नाहीत. नवरा हवल्ली भागातल्या ओळखीच्यांकडे गंगाजल शोधत फिरत होता. त्या मला म्हणाल्या, "त्याला बोलाव गं. गंगा पोरीला लागली, मला काहीही चालेल." तो पोचायच्या आत मी पिशवीतली अर्धी बाटली काढली, त्या माणसाने दिलेली, आणि तिचेच दोन थेंब त्यांच्या तोंडात घातले.

गडू आता देवघरात आहे. रोज त्यात नळाचं पाणी भरते. राग गेलेला नाही, तोही तिथेच ठेवते. माझ्या हातात काही नव्हतं, एवढं मात्र कळलंय. सई शाळेतून येऊन दार वाजवते, तेव्हा हात आपोआप जोडले जातात.