माल्सुनमावशीनं धुतलेलं रीळ

कोरियातल्या बुसान शहराच्या योंगदो बेटावरच्या न्हाणीघरात माल्सुनमावशी तीस वर्षं बायकांची अंगं घासत होती. माझी आई तिनं घासली, मलाही तिनंच घासलं. पाण्यात कोपर बुडवायची नि किती अंश ते सांगायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही.

तेव्हा सरकारनं बंदी घातलेल्या एका कादंबरीवर आम्ही पोरंपोरी चोरून सिनेमा काढत होतो. त्यातल्या शहरात जन्मलेल्या पोराला लगोलग कागदी मुखवटा चिकटवतात. सगळ्यांची तोंडं एकसारखी. शेवटी एका बाईचा मुखवटा सोलून निघतो. ते सोलणं आम्हाला काही केल्या जमलं नव्हतं. बाई नुसती मुखवटा घालून उभी, एवढंच शेवटच्या रिळात आलं. ते रीळ धुवायला, म्हणजे औषधांत घालून चित्रं उमटवायला, शहरात द्यावं, तर तासाभरात पोलीस दारात. मावशीच्या थंड हौदाचं पाणी मात्र वीस अंश, आम्हाला हवं तेवढंच.

बुधवारी न्हाणीघर बंद. आमचा दिग्दर्शक ग्यूसोक दारातच घुटमळला.

“ये की आत,” मावशी म्हणाली. “बायकांच्या न्हाणीत शिरलेला पयला गडी तू. बायकू आली तरी तिला सांगू नगंस.”

खिडक्यांवर गोधड्या ठोकल्या. मिट्ट काळोखात किमचीच्या लोणच्याच्या बरणीत रीळ सोडलं, औषधं ओतली, बरणी हौदात धरली. मावशीचं कोपर पाण्यात, मी सेकंद मोजतेय. औषधांचं काम आटोपलं, आता फक्त रीळ खळबळून घ्यायचं होतं. तेवढ्यात तोंडावर वाफ आली.

“मावशे, काय ओतलंस?” ग्यूसोकचा आवाज फाटला.

“ऊन पाणी. गारठलेलं अंग तसंच कुणी घरला धाडतं व्हय? तीस सालात एकीलाबी धाडलं न्हाई मी.”

गोधड्या काढल्या. रिळावरचा थर सुरकुतून जाळीजाळी झालेला. दुसरी प्रत नव्हती. ग्यूसोक ओल्या फरशीवरच बसला.

तरीही रीळ टॉवेलांच्या दोरीवर वाळवलं नि दुपारी कपडे बदलायच्या खोलीत प्रोजेक्टरनं भिंतीवर लावून बघितलं. मुखवट्याला तडे गेले होते. तडे पसरले, पापुद्रे सुटले, नि भिंतीवरचं ते कागदी तोंड आमच्यासमोर सालीसालीनं सोलून निघालं.

“परत लाव,” ग्यूसोक म्हणाला. आम्ही चारदा लावलं.

मावशी भिंतीजवळ जाऊन निरखून बघत होती. “डाव्या गालावर मळ ऱ्हायलाय. आणा हिकडं, आनिक एक तांब्या ओतते.”

ग्यूसोकनं झडप घालून रीळ कोटात खुपसलं, नि बायकांच्या सपाता घालूनच रस्त्याला लागला.